चांदीची पट्टी

सोमवारी सोनू धुरीचा पाय कापायचा, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. जखम तीन महिने चिघळत होती आणि एकही अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं.

"सर, मला आठवडा द्या," तरुण डॉक्टर शरयू म्हणाली. तिला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची पट्टी बांधून पाहायची होती.

"तोवर जखमेचं विष अंगात भिनलं तर?"

"दिवसातून चारदा मी स्वतः बघेन."

माडावर चढून नारळ पाडणारा सोनू म्हणाला, "बांधा, बाय. पाय गेलो तर माडार चडतलो कसो?"

सरांनी आठवडा दिला. चौथ्या दिवशी जखमेचा वास गेला. आठवड्याअखेरीस जखम भरून येऊ लागली. रिपोर्टात जंतू नव्हते. शरयूने तो दोनदा वाचला.

सरांनी शस्त्रक्रियेच्या यादीतलं सोनूचं नाव खोडलं. "वॉर्डात असे आणखी चौघे आहेत," ते म्हणाले. "उद्यापासून त्यांनाही तुझीच पट्टी."