दोनशे मीटर खोल

बाथरूममध्ये तांब्या घरंगळल्याचा आवाज झाला, आणि नंतर काहीच ऐकू येईना. हातातलं काम टाकून मी धावले.

टबात आमची चार वर्षांची रेवा घसरली होती. तोंड पाण्याखाली. लक्ष ठेवायला स्टुलावर बसवलेला तिचा बाबा मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडवत होता! त्यानं ते जपून फळीवर ठेवलं, तोवर मी तिला उचललंही होतं. ती खोकली, मग रडली.

“अगं, दोनच सेकंद,” तो म्हणाला. “एकोणीसशे बासष्टचं आहे. आतलं रबर गेलंय. पाणी शिरलं असतं तर डायल खलास!”

“पाणबुड्यांचं ना ते? दोनशे मीटर खोल चालतं म्हणून येईल त्या पाहुण्याला सांगतोस!”

“तेव्हा चालायचं गं. आणि असं दुसरं मिळत नाही आता.”

“कपाटात अकरा आहेत तुझी. ही एकच आहे!”

त्यानं फळीवरचं घड्याळ उचलून कानाला लावलं.

रेवाला टॉवेलात गुंडाळून मी तिच्या कानामागचं पाणी टिपू लागले. तिचे हुंदके थांबले.

“आई, मी पाण्यातून बाबाला बघत होते. तो मला का उचलत नव्हता?”