सत्काराचा आकडा

टाळ्या दणदणीत पडत होत्या, पण पडद्यावरचा आकडा बावीसच्या पुढे सरकत नव्हता. मनगटावरच्या पट्ट्या माणसाचा खरा आनंद मोजायला लागल्यापासून टाळ्यांना कुणी विचारत नव्हतं.

कंपन्यांचे सोहळे बसवण्यात चारुलता मोघेची नऊ वर्षं गेली होती. आज तिचाच सत्कार होता. सभागृहाचा आनंद सत्तरवर गेला तर विभागप्रमुखपद तिचं, नाहीतर पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेल्या दामल्याचं.

"आमची चारुलता म्हणजे कामाचा डोंगर!" मालक टिपणीससाहेब माइकवर म्हणाले. आकडा एकोणीसवर उतरला.

"साहेब, कौतुक आवरा," ती हसऱ्या चेहऱ्यानं पुटपुटली. "लोकांचा जळफळाट होतोय."

साहेबांनी घाईघाईनं तिच्या अंगावर शाल टाकली आणि नारळ पुढे केला. शालीत गुंतलेले तिचे हात बाहेर यायच्या आत तो निसटला आणि थेट तिच्या अंगठ्यावर आदळला. चारुलता कळवळून एका पायावर नाचली.

आकडा चौसष्ट!

जिनं त्यांच्या पोरांची बारशीसुद्धा फुकट सजवून दिली होती, तिच्यासाठी सगळे सहकारी तोंड पाडून "अरेरे" म्हणत होते.

"फार लागलं का गं?" साहेबांनी विचारलं.

तिचं लक्ष पडद्याकडे होतं. त्रेसष्ट. बासष्ट.

तिनं डोळे पुसले, वाकून नारळ उचलला आणि साहेबांच्या हातात परत दिला.

"साहेब, या वेळी जरा उंचावरून सोडा."