दुसऱ्या क्लासात जाऊ नका

“हे तूच लिहिलं काय?” मारोतरावांनी मोबाइल सुरभीच्या तोंडासमोर धरला.

सुरभीनं पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवला. पडद्यावर तिचंच नाव होतं, तिचाच फोटो. वर मोठ्या अक्षरात मथळा होता: पुण्यात साल्सा शिकायचाय? आधी हे वाचा.

“हो. मीच लिहिलं.”

आतल्या दारात विमलताईंनी पदर तोंडाशी नेला. लेक पुण्यात नोकरी करते, एवढंच बाभुळगावात ठाऊक होतं. ती शनिवारी नाचायला जाते हे त्यांना दिवाळीत कळलं होतं, आणि त्यांनी ते नवऱ्याच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. आज तिला बघायला आलेल्या मुलाचे मामा, मारोतराव, पुसदहून तेच घेऊन आले होते. मुलगा, गोपाल, बँकेत नोकरीला होता. तो चहाच्या कपात पाहत बसला.

“साल्सा म्हणजे काय, ठाऊक आहे काय बापूजी?” मारोतराव म्हणाले. “पोरापोरीनं एकमेकाले धरून नाचाचं. तेही रातच्यानं, क्लबात.”

सुरभीचे वडील, बापूजी, काळा चष्मा लावून तक्तपोसावर बसले होते. सप्टेंबरात कपाशीवर फवारणी करता करता ते शेताच्या धुऱ्यावर कोसळले होते. तेव्हापासून समोरचा माणूस त्यांना धुरातून दिसावा तसा दिसायचा.

“मले वाचता येत नाही आता,” ते म्हणाले. “तुम्हीच वाचा. सारं वाचा.”

मारोतरावांना तेच हवं होतं. ते खाकरले आणि एकेक शब्द सुटा करून वाचू लागले. सुरभी तीन क्लासांत जाऊन आली होती. पहिल्याची फरशी झकास, आरसे भिंतभर, पण एका बॅचमध्ये चाळीस जण, नवखी मुलगी कोपऱ्यातच राहते. तिसरा पिठाच्या गिरणीवर, पंखा कुरकुरतो, पण तिथल्या बाई आधी पाय पक्के करून घेतात, मगच जोडीला उभं करतात. शनिवारी रात्री नाचायला दोन जागा. नदीकाठच्या जागेत गाणी चांगली लावतात, पण बाहेर पडलं की रिक्षा नाही. स्टेशनाजवळची जागा लहान, पण दारावरची बाई एकट्या मुलीला रिक्षात बसवते आणि नंबर लिहून घेते. मी तिथंच जाते, असं सुरभीनं लिहिलं होतं.

“दुसरा क्लास राहिला,” बापूजी म्हणाले.

मारोतरावांनी ते मुद्दामच सोडलं होतं. आता त्यांना वाचावं लागलं. “तिथले सर उत्तम नाचतात. पण शिकवताना त्यांचा हात नको तिथं जातो, आणि नको म्हटलं तरी थांबत नाही. मी तिथं दोन महिने होते. मुलींनो, दुसऱ्या क्लासात जाऊ नका.”

“आपलीच अब्रू आपल्याच हातानं चव्हाट्यावर,” मारोतराव म्हणाले. “तरी आमचं मन मोठं आहे. हे आजच पुसून टाकाचं, अन् नाच बंद. मंग आमची ना नाही.”

विमलताईंचे डोळे लेकीला विनवत होते. बोंडअळीनं अर्धी कपाशी खाल्लेलं ते साल. काही न मागणारं, नोकरीवालं स्थळ पुन्हा दारात येणार नव्हतं. सुरभीला ते आईइतकंच कळत होतं.

“नाही पुसणार,” ती म्हणाली.

मारोतरावांनी मोबाइल खिशात टाकता टाकता पुन्हा बाहेर काढला. “याच्यावरची तारीख पाह्यली काय कोणी? अठरा सप्टेंबर. तवा तुम्ही यवतमाळले दवाखान्यात होते ना, बापूजी? बाप डोळ्याले पट्टी बांधून पडला, अन् लेक नाचाचं लिहून राह्यली.”

हे मात्र सुरभीला लागलं. गोपालनंही मान वर केली. बापूजींनी चष्म्याआडून आवाजाच्या अंदाजानं तिच्याकडे तोंड वळवलं.

“कुठं बसून लिहिलं?”

“तुमच्या खाटेपाशी, बाबा.”

“काहून?”

तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. “तुम्ही दिवसभर एकच गोष्ट बोलत होते. तेच दोन औषधं एकत्र करून फवारल्यानं आदल्या हप्त्यात तीन माणसं पडले होते. दुकानदाराले ठाऊक होतं. गावातल्या चार जणाइले ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. तुम्ही म्हणत होते, एकानं जरी सांगितलं असतं. अन् मी त्या सरांबद्दल वर्षभर गप्प होती. लोक काय म्हणतील म्हणून. त्या दुपारी तुम्ही झोपले, अन् मी लिहाले बसली.”

बापूजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. अलीकडे त्यांच्या डोळ्यांना सारखंच पाणी यायचं, त्यामुळं कोणाला काही कळलं नाही.

“मारोतराव, पोहे खाऊन घ्या. थंडे होऊन राह्यले,” ते म्हणाले.

विमलताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. मारोतरावांनी हसून बशी पुढं ओढली.

“मंग निघा,” बापूजी म्हणाले. “तुमच्या घरी पोरगी द्याची नाही मले.”