बांधायचं का बदलायचं

हणमंतप्पा मिस्त्रीनं खोललेल्या इंजिनाच्या क्रँकवरून बोट फिरवलं आणि ते मायाप्पापुढं धरलं. काळ्या तेलात तांबूस, चकाकणारी पूड होती. बेअरिंग झिजून तेलात उतरलं होतं. हेच इंजिन दुरुस्त करून बांधायचं का बदलायचं, ते आजच सांग, असं मिस्त्री म्हणाला. मागं आणखी दोन गाड्या उभ्या होत्या.

मायाप्पा मंठाळचा. घरची मेंढरं विकून त्यानं हा ट्रक घेतला, त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून तूर, सोयाबीन भरायची आणि कलबुर्गीला न्यायची. दुसऱ्या कुणाच्या हाती त्यानं कधी किल्ली दिली नव्हती. परवा मुडबीच्या चढावर इंजिन जाम झालं. ट्रॅक्टरला बांधून ओढत गाडी बसवकल्याणच्या या गॅरेजात आणावी लागली. आज बायको रेणुकाबाईही बरोबर आली होती. विकलेल्या मेंढरांत बारा तिच्या माहेरची होती, त्यामुळं ट्रकाच्या बाबतीत तिच्या शब्दाला वजन होतं.

हणमंतप्पानं इंजिनावर वाकूनच दोन्ही वाटा सांगितल्या. तो बोलेल ते रेणुकाबाई नवऱ्याला मोठ्यानं पुन्हा सांगत होती. बांधायचं म्हटलं तर क्रँक घासून आणायचा, बेअरिंग-पिस्टन नवे घालायचे. गाडी महिनाभर उभी, आणि तुरीचा हंगाम तर तोंडावर आलेला. बदलायचं तर मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन हैदराबादेहून आणायचं. आठ दिवसांत गाडी रस्त्यावर. पण ते इंजिन कुणाच्या हातून कसं चाललं होतं, हे कुणी सांगावं?

मायाप्पाला परकं इंजिन नको होतं. या इंजिनाची खोड न् खोड त्याला ठाऊक होती. ह्याच गॅरेजात एके काळी दुसरे ड्रायव्हर आपापली गाडी चालू करून त्याला बोलवायचे. तो डोळे मिटून बॉनेटपाशी उभा राहायचा आणि कुठं बिघडलंय ते सांगायचा. हणमंतप्पा मग तिथंच पाना लावायचा.

बांध, असं त्यानं सांगून टाकलं.

हणमंतप्पा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बांधायला त्याची ना नव्हती. पण एक गोष्ट त्याला दोन दिवस छळत होती.

"अण्णा, बेअरिंग काय एका दिवसात जात न्हाई. आधी महिनाभर ठकठक ठोका देतंय. तू थांबला कामून न्हाईस?"

मायाप्पा चिडला. ठोका असता तर आपण गाडी हाकली असती काय, असं त्यानं चारचौघांत विचारलं. ठोका नव्हताच. तुझंच काहीतरी चुकतंय, तेलच खराब असंल, असंही तो बोलला.

मिस्त्रीनं वाद घातला नाही. कोपऱ्यात एक टिप्पर उभा होता, त्याचंही दुखणं हेच. हणमंतप्पानं तो चालू केला आणि मायाप्पाला खुणेनं बोलावलं. मायाप्पा गेला. सवयीनं डोळे मिटले, मान कलती केली. जाड घोंगडीआडून यावी तशी एकसारखी घरघर त्याला ऐकू येत होती. बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"ठीक चालायली की ही," तो म्हणाला.

वेल्डिंग करणाऱ्यानं तोंडावरची काच वर केली. हणमंतप्पानं इंजिन बंद केलं आणि तो उगीच जमिनीवरचे पाने गोळा करू लागला. मायाप्पानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग त्याला कळलं. मागच्या महिन्यात कमलापूरपाशी मागून आलेल्या बसनं ओलांडून गाडी त्याच्यापुढं आडवी घातली होती. किती वेळ हॉर्न वाजवायलोय म्हणून ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देऊन गेला होता. लोकांत माणुसकी राहिली न्हाई, असं त्या दिवशी तो घरी सांगत बसला होता.

तो पडलेल्या टायरवर बसला. हणमंतप्पानं जवळ येऊन, मग काय करू, म्हणून विचारलं. मायाप्पाला ते नीट ऐकू आलं. पण बांधलेलं असो, बदललेलं असो, इंजिन पुन्हा कधीतरी ठोका देणारच. मागून हॉर्न तर रोजच वाजणार. आणि स्टिअरिंगवर तो स्वतःच बसलेला असणार.

रेणुकाबाई शेजारी येऊन बसली. त्यानं तिच्याकडं न बघताच विचारलं, "मी घरी यायलो की तुला आवाज यायलता का?"

"महिना झाला. गाडी वेशीत आली की घरात ऐकू यायलता."

"मग सांगितली कामून न्हाईस?"

तिनं तोंड त्याच्या कानाजवळ नेलं.

"ठोका हाय म्हणून सांगितलं असतं, तर तुमच्या कानाचं बी सांगावं लागलं असतं."