व्हिडिओचं शेपूट

“बाबा, आईचा आवाज असलेला एखादा व्हिडिओ पाठवा ना,” लेक फोनवर म्हणाली. ही जाऊन वर्ष झालं होतं. मी निवृत्त ग्रंथपाल. माझ्याकडे मागितलं आणि सापडलं नाही, असं कधी झालं नव्हतं. सगळे व्हिडिओ साल, महिना, ठिकाण असे शिस्तीत लावलेले. एकेक उघडला. समुद्र होता, डोंगर होते, लेकीची पहिली सायकल होती. हिचा आवाज मात्र कुठेच नव्हता. मी चित्रण करायचो तेव्हा ही गप्प उभी राहायची आणि शेवटी कंटाळून हाक मारायची. त्या हाकेने व्हिडिओ बिघडतो, म्हणून प्रत्येकाचं शेपूट मीच कापून टाकलं होतं. अखेर एक कापायचा राहिलेला सापडला. खिडकीतली चिमणी, आणि मागून ही: “अहो, पुरे आता. फोन ठेवा, चहा निवतोय.” मी मुकाट्याने फोन ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसलो.