मधलं रिव्हेट

माझ्या नवऱ्याला, हमदमला, जाऊन चाळीस दिवस झाले. चाकूंसाठी नावाजलेल्या आमच्या चुस्त गावात त्याचे चाकू लोक मुठीवरच्या तीन रिव्हेटांवरून ओळखत. मधलं रिव्हेट अर्धा मिलिमीटर रेषेबाहेर असे. डावखुरा होता तो.

"वहिनी, तुम्ही शिक्षिका. शाळेच्या फळ्यावर चाकू बनत नाहीत," दीर ओलिम म्हणाला. "आईला तुमचं काम दादासारखं वाटलं, तर वर्कशॉप तुमचं. नाहीतर संध्याकाळी किल्ली माझ्याकडे."

सकाळी मी पोलादी पट्टीचा जिग बनवला. तो पातं घट्ट धरतो, आणि ड्रिल त्याच्या तीन भोकांतूनच खाली जातं. हात कुणाचाही असो. भोकं मी एका सरळ रेषेत पाडली. हमदमची चूक मापून पोलादात कोरायला मन धजेना.

दुपारी सासूबाईंनी पहिल्या चाकूच्या रिव्हेटांवरून अंगठा फिरवला.

"हा माझ्या हमदमचा. ओलिम, किल्लीचं नाव काढू नकोस."

ती दोघं गेल्यावर मी व्हर्नियर लावला. मधलं रिव्हेट अर्धा मिलिमीटर बाहेर होतं. जिग मोजला, तर रेषा सरळ. आणखी दोन पात्यांना भोकं पाडून मोजली. पुन्हा अर्धा मिलिमीटर. पुन्हा अर्धा.

मग जिग खिडकीतल्या उन्हात धरला. उजव्या कडेला पोलाद झिजून अंगठ्याएवढा खळगा पडला होता, वीस वर्षं तिथेच दाबून धरल्यासारखा. मी जिग डाव्या हाताने धरते. हमदम ड्रिल डाव्या हातात घेई, आणि काम उजव्याने दाबून धरी.

मी त्या खळग्यात अंगठा ठेवायला गेले.

जागा रिकामी नव्हती.