दुसरी नोट

राजाध्यक्षकाकांच्या फायरप्लेसवर एकच फ्रेम होती आणि तिच्यात एक मळकी, पिवळट नोट. एके काळी अमेरिकेतल्या लहान लहान गावांच्या बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. पाइन हॉलो गावच्या बँकेची ही एवढीच नोट जगात उरली आहे, असं सगळे संग्राहक मानत. काकांच्या आडरानातल्या घरी लोक येत ते तिच्याच दर्शनाला.

हेरंबही दिवसभर गाडी हाकत आला होता. त्याने बॅगेतून पाकीट काढून अलगद टेबलावर सरकवलं.

"काका, बघून हबकाल हं!"

आत पाइन हॉलोचीच नोट होती. कोरी करकरीत, कॅशियरची शाईतली सही जशीच्या तशी.

काकांनी भिंगातून ती न्याहाळली. मग भिंग खाली ठेवलं.

"कुणाकुणाला दाखवलीस?"

"कुणालाच नाही! आधीच बोभाटा झाला की मजा गेली. इकडे आलोय हे बायकोलाही माहीत नाही. तिला वाटतंय, ऑफिसच्या कामाला शिकागोला गेलोय."

"शहाणा आहेस," म्हणत काकांनी नोट चिमटीत धरली आणि समोरच्या जाळात सोडली.

हेरंब ओरडत धावला, तोवर तिची राख झाली होती.

"दोन म्हणजे एक जास्त होते रे," काका म्हणाले. मग सावकाश उठून त्यांनी दाराला आतून कुलूप घातलं.

"आणि ती पाहिलेलेही आपण दोघंच."